टाके सुकले का, हे विचारायचे कोणी?

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाट चढून सेमाडोहला येतो. जवळून सिपना वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तिथून पुढे पाठवलेल्या एखाद्या रुग्णालयात बाळंत झालेली कोरकू बाई दोन-तीन दिवसांनी घरी परतते. तिच्यासोबत बाळ असते, बाळाचे लसीकरणाचे कार्ड असते, गोळ्यांची पुडी असते. अनेकींच्या अंगावर आणखी एक गोष्ट असते, तिचा उल्लेख घरात कोणी करत नाही. ते म्हणजे खालचे टाके.

बाळाचे डोके बाहेर येताना योनीमार्ग आणि शौचाची जागा यांच्यामधला भाग ताणला जातो. तो आपोआप फाटू नये किंवा बाळ लवकर सुटावे म्हणून डॉक्टर वा सिस्टर तिथे कात्रीने एक चीर देतात आणि नंतर ती शिवतात. वैद्यकीय भाषेत तिला एपिसिओटॉमी म्हणतात. दवाखान्यात ‘काप दिला’ म्हणतात आणि बाया ‘टाके पडले’ म्हणतात. वरून पाहता काप लहान असतो. तो कातडीखालच्या स्नायूंतूनही जातो. डॉक्टर फाटण्याच्या चार पायऱ्या मानतात, त्यातल्या दुसऱ्या पायरीइतकी ही जखम असते. हातावर किंवा पायावर एवढी जखम झाली असती तर घरच्यांनी दहा वेळा विचारपूस केली असती.

मेळघाटात तीस वर्षांत आरोग्यसेवेचा सगळा जोर एका गोष्टीवर राहिला आणि तो योग्यच होता. बाळंतपण घरून दवाखान्यात यावे. १९९३ च्या सुमारास इथले बालमृत्यू वर्तमानपत्रांत गाजू लागले. त्यानंतर नवसंजीवनी योजना आली, भरारी पथके आली, पुढे जननी सुरक्षा आणि माहेरघर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील दवाखान्यातल्या बाळंतपणांचे प्रमाण ९४.७ टक्के नोंदले गेले. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत घरची बाळंतपणे अजून होतात, तरी वाट दवाखान्याकडेच जाते. ज्या कारणांनी आई मरते, म्हणजे अतिरक्तस्राव, झटके, अडलेले बाळंतपण, त्यांच्यावर घरी इलाज नाही. म्हणून इथे मांडलेल्या कोणत्याही मुद्द्याचा अर्थ ‘घरीच बरे होते’ असा काढू नये.

पण दवाखान्यात बाळंतपण आले की दवाखान्याच्या जखमाही येतात. त्यांची जबाबदारी दवाखान्याच्या दारापाशी संपवून चालणार नाही.

आधी काप या प्रकाराकडेच पाहावे लागेल. डब्लिनचे फील्डिंग ओल्ड यांनी १७४२ साली अशा चिरेचे वर्णन केले, ते अडलेल्या बाळंतपणासाठी, नाइलाज म्हणून. सरसकट काप देण्याची चाल विसाव्या शतकातली. १९२० मध्ये अमेरिकेतील जोसेफ डीली यांनी पहिलटकरणींना चीर देऊन चिमट्याने बाळ काढण्याचा पुरस्कार केला आणि पुढची साठ वर्षे जगभरचे प्रसूतिकक्ष तोच धडा गिरवत राहिले. सरळ काप वेड्यावाकड्या फाटण्यापेक्षा चांगला भरतो, त्याने पुढे अंग बाहेर येत नाही, असे सांगितले गेले. ऐकायला हे पटण्याजोगे होते, म्हणूनच कोणी ते तपासायच्या भानगडीत पडले नाही.

तपासले तेव्हा चित्र उलटे निघाले. अर्जेंटिनातील आठ रुग्णालयांत २६०६ बायांवर झालेली चाचणी १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. एका गटात नेहमीप्रमाणे काप दिले गेले, ते ८३ टक्के बायांना. दुसऱ्या गटात गरज दिसली तरच, तिथे प्रमाण ३० टक्के. शौचाच्या जागेपर्यंत जाणारी गंभीर इजा दुसऱ्या गटात वाढली नाही. उलट वेदना, जखम भरण्यातले अडथळे आणि टाके उसवणे हे सगळे त्या गटात कमी होते. नंतरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावाही याच बाजूचा आहे. आपोआप होणाऱ्या बाळंतपणात सरसकट काप देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले.

काप कधीच नको, असे मात्र त्यात नाही. बाळाचे ठोके घसरत असतील, चिमटा लावावा लागणार असेल, तर तीच चीर बाळाचा जीव वाचवते. प्रश्न आहे तो ‘पहिलटकरीण आहे, म्हणजे काप ठरलेला’ या सवयीचा. ती सवय अमरावती-अकोल्याच्या खासगी दवाखान्यांतही आहे आणि सरकारी प्रसूतिकक्षांतही. शिकताना हात तसा बसलेला असतो. टेबलावर उताणे झोपवून बाळंतपण करायचे, रांगेत आणखी दोघी असायच्या, रात्रपाळीला एकच सिस्टर असायची. अशा वेळी कात्री हा वेळ वाचवण्याचा मार्ग होतो. डोके हळूहळू येऊ देणे, त्या भागाला हाताने आधार देणे, कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाचा शेक देणे, याला खर्च जवळजवळ नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही आहे. त्याला लागते ती सवड.

काप दिलाच, तर तो कसा दिला यावर पुढचे बरेच अवलंबून असते. चीर मध्यरेषेपासून तिरकी, सुमारे ६० अंशांच्या कोनात जायला हवी. ती सरळ खाली गेली तर शौच रोखणाऱ्या स्नायूपर्यंत फाटण्याचा धोका वाढतो. काप देण्याआधी आणि टाके घालण्याआधी भाग सुन्न करण्याचे इंजेक्शन दिलेच पाहिजे. ‘आत्ता एवढे सोसलेस, दोन टाके काय’ हे वाक्य प्रसूतिकक्षातून हद्दपार व्हायला हवे. शिवण्याआधी शौचाच्या जागेची बोटाने तपासणी करून आतला स्नायू शाबूत आहे ना, हे पाहायला हवे. ही तपासणी दोन मिनिटांची. ती राहून गेली आणि आतली फाट तशीच राहिली, तर बाईचे वाऱ्यावर आणि शौचावरचे नियंत्रण जाते. क्वचित शौचाची जागा आणि योनीमार्ग यांत छिद्र राहते. मग ती लग्नाकार्याला जायचे सोडते, एसटीत बसायचे सोडते आणि कारण कोणालाच सांगत नाही.

दोऱ्याचाही प्रश्न आहे. जनावरांच्या आतड्यापासून बनवलेला कॅटगट हा जुना दोरा स्वस्त, पण त्याने दुखते जास्त. लवकर विरघळणाऱ्या कृत्रिम दोऱ्याने दुखणे कमी राहते, असे चाचण्यांच्या आढाव्यातून दिसले आहे. एकेक गाठ मारून टाके घालण्यापेक्षा सलग शिवण घातली तरी वेदना कमी होतात. दोऱ्याची खरेदी हा कोणाला अग्रलेखाचा विषय वाटणार नाही. ज्या बाईला त्या टाक्यांवर उकिडवे बसून चूल पेटवायची असते, तिच्यासाठी तो मोठाच विषय आहे.

आता खरी अडचण. सर्वसाधारण बाळंतपणानंतर आईला किमान ४८ तास दवाखान्यात ठेवावे, असा सरकारचा दंडक आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिला तीन दिवसांचे जेवण आणि घरी सोडायला मोफत गाडीही आहे. जखमेत रक्त साचले असेल तर ते पहिल्या दिवसातच कळते. असह्य ठणका लागतो, शौचाला आल्यासारखा दाब वाटतो, लघवी अडते. त्या वेळी बाई दवाखान्यातच असते. पण जखमेचा संसर्ग बहुधा तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत डोके वर काढतो. म्हणजे गाडी बाईला घरी सोडून परत फिरते आणि त्यानंतर टाके पिकायला लागतात. व्यवस्थेची नजर नेमक्या त्याच वेळी तिच्यावरून हटून बाळाच्या वजनावर गेलेली असते.

आशाताई घरी जातातच. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत आणि त्यासाठी २५० रुपये मिळतात. त्या पैशांची एक अट अशी, की बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ सुखरूप असावेत. या ‘सुखरूप’चा व्यवहारातला अर्थ ‘जिवंत’ एवढाच उरला आहे. ताप आहे का, अंगावरून घाण वासाचे जाते का, असे प्रश्न विचारण्याची रीत आहे, नाही असे नाही. पण ओट्यावर सासू, दीर, शेजारीण बसलेले असताना विचारलेल्या प्रश्नाला ‘ठीक आहे’ हेच उत्तर मिळते. विचारणे वेगळे आणि आडोशाला नेऊन उजेडात जखम पाहणे वेगळे.

गप्प राहण्याची ही रीत विदर्भाला नवी नाही आणि तिचा पुरावाही विदर्भातूनच जगापुढे गेला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के बायांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या बाया ८ टक्केच होत्या. १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हा दुखणे अंगावर काढणे म्हणजे काय, हे आकड्यांत दिसले. त्याच चमूने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७७२ बायांना बाळंतपणात आणि नंतर घरी जाऊन तपासले. निम्म्याहून अधिक बायांना काही ना काही आजार झाला होता. बाळंतपणानंतर जननमार्गाचा संसर्ग झालेल्या सुमारे १० टक्के होत्या. ही बाळंतपणे मुख्यतः घरची. सुईणीच्या हातात कात्री नव्हती, तरी दहांत एकीला संसर्ग. तिथे आता एक ताजी शिवलेली जखमही असेल, तर तिच्याकडे पाहायला कोणी गेलेच पाहिजे.

मेळघाटात ही जखम भरायला अनेक गोष्टी आड येतात. रक्त कमी असलेल्या शरीरात जखम उशिरा भरते. ॲनिमिया इथे घरोघरी आहे, काही घरांत सिकलसेलही आहे. पाणी हातपंपावरून आणायचे, सरपण डोक्यावरून. शौचाला अनेकदा बाहेरच जायचे. पावसाळ्यात रस्ते तुटले की आतली गावे दिवसचे दिवस अडकतात, फोनला रेंज नसते. सोंगणीच्या दिवसांत कुटुंब अमरावती-अकोल्याकडे किंवा मध्य प्रदेशात कामाला गेलेले असेल, तर ओली बाळंतीणही सोबत जाते. मग सहा भेटींचे वेळापत्रक कागदावरच राहते.

घरच्या रीतींतल्या काही तपासून घेण्यासारख्या आहेत. बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणे, ओवा-बाळंतशेपांची धुरी देणे हे वऱ्हाडात सगळ्याच समाजांत चालते. थंडीत ऊब मिळावी, यात काही वाईट नाही. बंद खोलीतला धूर मात्र बाळाच्या छातीसाठी वाईट. त्याहून मोठा घात होतो तो बाळंतिणीला पाणी कमी आणि जेवण मोजके देण्याच्या समजुतीने. पाणी कमी, भाजी वर्ज्य, मग शौचाला खडा होतो. ताण पडेल, टाके तुटतील, या भीतीने बाई दोन-दोन दिवस जायचेच टाळते आणि ते आणखी घट्ट होते. तिने भरपूर पाणी प्यावे, वरण-भाजी-भाकर सगळे खावे. जखमेला राख, तेल, हळद किंवा झाडपाल्याचा लेप लावू नये. दर लघवी-शौचानंतर स्वच्छ पाण्याने पुढून मागे धुवावे आणि हलकेच टिपून कोरडे करावे. पॅड किंवा घडी तीन-चार तासांनी बदलावी. कापड वापरायचे तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेले. सावलीत, साडीखाली लपवून वाळवलेल्या कापडात ओल राहते आणि लाजेची किंमत जखमेला मोजावी लागते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

दुखणे रोज थोडे थोडे कमी व्हायला हवे. तीन दिवसांनंतर ते वाढत गेले, जागा लाल होऊन सुजली, पू किंवा घाण वास आला, ताप-थंडी भरली, टाके उकलून जखम उघडी दिसू लागली, वारा किंवा शौच आवरेना, तर त्याच दिवशी दवाखाना. जखमेभोवतीची कातडी झपाट्याने काळी-निळी पडू लागली आणि बाई एकदम खालावली, तर तासही घालवू नये. तो संसर्ग दुर्मीळ आहे, पण जीव घेतो.

टाके उसवले म्हणजे सगळे बिघडले, असेही नाही. आधी संसर्ग आवरायचा. मेलेला भाग काढायचा, जखम रोज धुवायची, योग्य ते प्रतिजैविक द्यायचे. मग लहान जखम आतून भरत येते, मोठी असेल तर स्वच्छ झाल्यावर पुन्हा शिवता येते. यातले पहिले काम सेमाडोहसारख्या आरोग्य केंद्रात होऊ शकते. पुन्हा शिवायला किंवा आतल्या स्नायूची दुरुस्ती करायला अचलपूर, धारणी किंवा अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय गाठावे लागते. या रुग्णालयाला लोक अजून डफरीन म्हणतात. ज्या लेडी डफरीन यांचे हे नाव, त्यांनी १८८५ मध्ये निधी उभारला तोच मुळी भारतीय बायांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून. तो संकोच सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही गेलेला नाही. जखम दाखवायची तर समोर बाई हवी, ही अपेक्षा अडाणीपणाची समजण्याचे कारण नाही.

आज या जखमेवर सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे सरसकट प्रतिजैविकाची पुडी. साध्या कापानंतर प्रत्येकीला प्रतिजैविक देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितले. चिमटा लावून झालेले बाळंतपण किंवा शौचाच्या जागेपर्यंतची फाट, इथे मात्र ते हवे. दरम्यान, कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस दिल्यास काय होते, हे सात देशांतील २९ हजारांवर बायांत पाहिले गेले. त्यात नागपूर आणि बेळगावची केंद्रेही होती. सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले, असा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. तो डोस कधी आणि कोणाला द्यायचा, हे धोरण ठरवणाऱ्यांनी बघावे. पण तो एक डोस वेगळा आणि घरी जाताना हातात ठेवलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या वेगळ्या. पुडी दिली की जखम पाहायला जायची गरज उरत नाही, हा त्या पुडीचा खरा दुष्परिणाम आहे.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला नवी योजना आणावी लागणार नाही. किती बाळंतपणांत काप दिला आणि का दिला, हे प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीत लिहिले जावे आणि महिन्याच्या बैठकीत माता-बालमृत्यूंबरोबर तो आकडाही वाचला जावा. ज्या केंद्रात पहिलटकरणींपैकी जवळजवळ सगळ्यांना काप आहे, तिथे कारण विचारले जावे. २०१७ पासून चालू असलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षाचा दर्जा आणि बाईचा सन्मान या दोन्ही गोष्टी आहेतच. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटीत आशाताईंसोबत आरोग्यसेविका किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी जावी आणि टाके प्रत्यक्ष पाहावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीतही दुसरा-तिसरा दिवस, दुसरा आठवडा आणि सहावा आठवडा अशा भेटी आहेत. विचारपूस कोरकूत व्हावी. मराठीत ‘हो’ म्हणणारी बाई आपल्या भाषेत वेगळे सांगू शकते. आशाताई बहुतेक गावातल्याच असल्याने हे अवघड नाही. टाके तपासायला परत यायचे असेल, तर १०२ ची गाडी पुन्हा मिळते, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीचा उपचारही मोफत आहे, हे सोडतानाच नवऱ्याला आणि सासूला बसवून सांगावे. निर्णय तेच घेतात. गाडी फक्त न्यायला-सोडायला असते, अशी गावांत समजूत आहे.

माहेरघरात बाई बाळंतपणाच्या आधी काही दिवस येऊन राहते. ज्या बाईला टाके आहेत, जिचे रक्त कमी आहे आणि जिचे गाव पावसात तुटते, तिला तिथेच बाळंतपणानंतरही आठवडाभर ठेवता येईल. त्या दिवसांचा बुडालेला रोज आणि सोबत आलेल्या माणसाचे जेवण एवढाच त्याचा खर्च. मृग लागण्याआधी चिखलदरा आणि धारणीच्या केंद्रांना औषधांचा जादा साठा पाठवण्याची पद्धत आहेच. त्याच गाडीतून यंदा चांगला दोरा आणि सुन्न करण्याचे पुरेसे इंजेक्शनही जाऊ शकते.